चवड्यावर उभी राहते का, ते आधी पाहा

वाचकाचं पत्र

"मॅडम, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. अडीच वर्षांची झाल्यावर चालायला लागली, यंदा पहिलीत बसवली. तिचे पाय पार फताडे आहेत, तळवा पुरा जमिनीले टेकते. शाळा जवळच आहे, तरी अर्ध्या रस्त्यात बसून घेते, मंग उचलून घ्या लागते. मागच्या महिन्यात तालुक्याले पायाचं शिबिर होतं. तिथं काचेवर उभं करून पाय पाहिले अन् सांगितलं का, हिले कमानच नाही, आत्ताच खास बूट घ्या, सात वर्षं उलटले तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. बुटाचे साडेआठ हजार सांगितले. सोयाबीनचे पैसे अजून हातात आले नाहीत. सासूबाई म्हणतात, पोरीचा फताडा पाय घराले चांगला नसते. मी काय करू?"
— एक आई, यवतमाळ जिल्हा

ताई,

पैशांचं आधी सांगते. ते साडेआठ हजारांचे बूट आत्ता घेऊ नका. सात वर्षांची जी मुदत तुम्हाला सांगितली, तिला वैद्यकशास्त्रात आधार नाही. लवचिक आणि न दुखणाऱ्या सपाट पावलाचं ऑपरेशन करत नाहीत. ती वेळ फार थोड्या मुलांवर येते, बहुतेकदा मोठ्या वयात, आणि तेही पादत्राणं, व्यायाम, आधार सगळं करून झाल्यावरही दुखणं हटत नसेल तर. बूट घातल्यानं कमान तयार होते, हेही आजवर सिद्ध झालेलं नाही. तुमच्या लेकीला पुढे आधाराची गरज लागेलही, पण ते ठरवण्याआधी तिला नीट तपासावं लागेल. काचेवर दोन मिनिटं उभं करणं ही तपासणी होत नाही.

तुमच्या पत्रात मी परत परत वाचली ती ओळ "अर्ध्या रस्त्यात बसून घेते" ही. सपाट पाय डाऊन सिंड्रोमच्या निम्म्याहून जास्त मुलांत दिसतात. मूल रस्त्यात का बसतं, याचं कारण मात्र प्रत्येक लेकराचं वेगळं, आणि सगळ्यात आधी तेच शोधायचं आहे.

पाय सपाट का, ते थोडक्यात सांगते. लहानपणी सगळ्याच मुलांचे तळवे सपाट दिसतात. तळव्याच्या आतल्या बाजूला चरबीची गादी असते आणि हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध मऊ असतात. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांची कमान दिसू लागते, काहींची त्यानंतरही तीन-चार वर्षं वर येत राहते. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते. अस्थिबंधात जे कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या एका प्रकाराची दोन जनुकं नेमकी याच गुणसूत्रावर आहेत. सांध्यांच्या सैलपणाशी त्यांचा संबंध असावा असं मानतात. त्यात या मुलांच्या स्नायूंचा ताण जन्मापासून कमी असतो. सुंभाची जुनी बाज सैल पडली, की माणूस बसला तर झोळ खाली जातो आणि उठला की सुंभ पुन्हा वर येतो. तुमच्या लेकीच्या तळव्याचं बहुतेक तसंच असणार. वजन पडलं की कमान दबते, वजन उचललं की दिसते. याला लवचिक सपाट पाऊल म्हणतात. अशा कित्येक मुलांची कमान मोठेपणीही येत नाही, तरी ती चालतात, नाचतात, वावरात हाताखाली काम करतात.

सासूबाईंना सांगा, की पोरीचे सांधे जन्मापासून सैल आहेत, म्हणून पाय असा. घराच्या बऱ्यावाईटाशी त्याचा काही संबंध नाही. आणि हे बोलणं तिच्या कानावर पडू देऊ नका. या मुलांना बोलता कमी येतं, पण समजतं पुष्कळ. उलट खाली सांगते ती पाहणी करताना आजीलाच सोबत घ्या. लेकरू आजीचं ऐकतं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी कमान वर येताना पाहिली की आजीचंही मन बदलेल.

पाहणी सकाळी करा, तिचा मूड बरा असताना. पायात काही नको, चड्डी गुडघ्याच्या वर घ्या.

आधी तिला बाजेवर किंवा उंच ओट्यावर बसवा, पाय लोंबकळत राहू द्या. तळव्याच्या आतल्या कडेकडे पाहा. तिथं थोडी पोकळी दिसते का? मग खाली उभी करा आणि तुम्ही तिच्या मागे जमिनीवर बसा, डोळे तिच्या टाचेच्या पातळीवर आणा. टाच सरळ आहे की बाहेरच्या बाजूला कलली आहे? मागून पाहताना घोट्याच्या बाहेर करंगळी आणि फार तर शेजारचं बोट दिसावं. तीन-चार बोटं दिसत असतील तर पाऊल बाहेर वळलेलं आहे. आता पुढून पाहा. घोट्याच्या खाली, आतल्या बाजूला एखादं हाड पुढे आलंय का? त्यावरची कातडी लाल आहे का, घट्टा पडलाय का? अंगठा शेजारच्या बोटाकडे वाकलाय का? अंगठा आणि दुसऱ्या बोटात मोठी फट असेल तर घाबरू नका, डाऊन सिंड्रोममध्ये ती पुष्कळदा असते.

यानंतरची पाहणी सगळ्यात कामाची आहे. तिला चवड्यावर उभी राहायला लावायचं. नुसतं "चवड्यावर उभी राहा" म्हटलं तर तिला कळेलच असं नाही, आणि करून दाखवलं तर ती तुमच्याकडे पाहून हसत बसेल. म्हणून भिंतीवरच्या खुंटीला तिच्या आवडीची वस्तू अडकवा, तिचा हात बोटभर कमी पडेल इतक्याच उंचीवर. एक हात भिंतीला टेकू द्या. ती वस्तू घ्यायला टाचा उचलेल, तेवढ्यात मागून पाहा. बाहेर कललेली टाच आत वळली आणि तळव्याखाली कमान दिसली, तर पाऊल लवचिक आहे. दोन्ही पायांना एकसारखं होतं का, तेही पाहून ठेवा.

टाच उचलताच आली नाही तरी लगेच वाईट समजू नका. पोटरीत जोर कमी असेल, नाहीतर खेळ कळला नसेल. मग ती नुसती उभी असताना तिच्या पायाचा अंगठा हळूच वर उचला. लवचिक पावलात अंगठा वर गेला की तळव्याचा पट्टा ताणला जातो आणि कमान उठते. हाडांचे डॉक्टर हीच तपासणी करतात, त्याला काही यंत्र लागत नाही.

बसल्यावर, चवड्यावर आणि अंगठा उचलल्यावर, तिन्ही वेळा तळवा तसाच सपाट राहिला आणि टाच हललीच नाही, तर मात्र ते पाऊल ताठ आहे. ताठ सपाट पाऊल लहान मुलांत क्वचित असतं. ते दिसलं की हाडांच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. दोन्ही पायांत फार फरक असेल, एकच पाय अलीकडे सपाट झाला असेल, तरीही तेच.

फोनवर व्हिडिओही काढा. ओसरीत किंवा सडकेवर, अनवाणी, मागून, पुढून आणि बाजूनं, आठ-दहा पावलांचे. एक सकाळचा आणि एक शाळेतून थकून आल्यावरचा. दवाखान्यात गेलं की ही मुलं पदराआड लपतात, रडतात, खाली बसतात, आणि डॉक्टरांना तिची खरी चाल दिसतच नाही. मी स्वतः असे घरचे व्हिडिओ मागवून घेते. त्यात जे दिसतं ते टेबलावर झोपवून दिसत नाही.

आता रस्त्यात बसण्याचं. चार-पाच दिवस नुसतं लक्ष ठेवा. शाळेत जाताना बसते आणि घरी येताना धावत येते का? देवळात, यात्रेत, मामाच्या गावी न थकता फिरते का? तसं असेल तर पायापेक्षा शाळेत तिला काय वाटतं ते पाहावं लागेल. वर्गात कुणी चिडवतं का, बसायला जागा कुठं आहे, संडासला जायची सोय आहे का? पण दोन्ही वेळा साधारण एकाच अंतरावर बसत असेल, बसल्यावर पाय धरत असेल, चप्पल काढून फेकत असेल, एकच पाय पुढे करत असेल, तर दुखत असणार. डाऊन सिंड्रोमची बरीच मुलं दुखणं उशिरा सांगतात किंवा वेगळ्याच तऱ्हेनं सांगतात. "पाय दुखतो का" विचारलं तर ती "हो" म्हणेल, आणि "दुखत नाही ना" विचारलं तरी "हो"च म्हणेल. म्हणून विचारण्यापेक्षा पाहा. रात्री झोपेत पोटऱ्या चोळते का, संध्याकाळी चिडचिडी होते का, आधी आवडणारा पळापळीचा खेळ सोडलाय का?

बसते तेव्हा दम लागतो का, ओठ-नखं निळसर होतात का, हेही बघा. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयाचा काही ना काही दोष असतो. तुमच्या लेकीची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली का, पत्रात काही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर पायाच्या आधी ती करा. रक्त कमी असणं आणि थायरॉइड कमी असणं ही थकव्याची आणखी दोन कारणं. या मुलांत थायरॉइड कमी पडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून लक्षण असो वा नसो, वर्षातून एकदा रक्ताची तपासणी करायचीच. थायरॉइड कमी असेल तर स्नायू आणखी ढिले पडतात, वजन वाढतं आणि ते वाढलेलं वजन त्याच सैल पावलांवर येतं. अशा वेळी कितीही महाग बूट घेतले तरी मूल चालणार नाही, आणि गोळी सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसू लागतो.

आणखी एक आजार या मुलांत निसटून जातो, तो सांध्यांच्या सुजेचा. लहान मुलांचा संधिवात इतर मुलांपेक्षा डाऊन सिंड्रोममध्ये जास्त आढळतो, आणि "पाय सपाट आहेत, म्हणून चालत नाही" असं म्हणत वर्ष वर्ष निघून जातं. सकाळी उठल्यावर ती आखडल्यासारखी चालते आणि दुपारपर्यंत मोकळी होते का? हाताची बोटं, मनगट, गुडघा किंवा घोटा सुजलेला, गरम वाटतो का? जिने, पायऱ्या आधी चढायची आणि आता नकार देते का? असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना याच शब्दांत सांगा.

पाऊल पाहताना गुडघे आणि खुबेही पाहावे लागतात, कारण सैलपणा सगळ्याच सांध्यांत असतो. उभी असताना गुडघे एकमेकांना चिकटतात आणि घोटे लांब राहतात का? चालताना गुडघ्याची वाटी बाजूला सरकते का? खुब्याचा सांधा या मुलांत साधारण दोन ते दहा वर्षांच्या काळात सैल होऊन निखळू शकतो, आणि पुष्कळदा सुरुवातीला तो दुखतही नाही. लंगडणं, खुब्यातून "कट" असा आवाज येणं, एक पाय आखूड वाटणं, ही त्याची लक्षणं.

आणि मान. हे मी प्रत्येक आईला सांगते, तुम्हालाही सांगते. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल असू शकतो. शंभरातल्या एक-दोन मुलांनाच त्याचा त्रास होतो, पण झाला तर तो मज्जारज्जूवरचा दाब असतो. चांगली चालणारी मुलगी थोड्याच दिवसांत अडखळायला लागली, पाय कडक झाले, हातातली वस्तू पडू लागली, मान एका बाजूला धरली, मान दुखते म्हणाली, किंवा आधी सांगून लघवीला जाणारी आता कपड्यात करू लागली, तर त्याला सपाट पायाचं कारण लावू नका. त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात न्या, आणि वाटेत मान हलू देऊ नका. त्रास नसताना उगाच मानेचे एक्सरे काढत बसायची गरज नाही. मात्र कोलांटउड्या, डोक्यावर उभं राहणं, जत्रेतल्या रबरी उड्यांच्या जाळीवर उड्या मारणं तिला करू देऊ नका. शाळेच्या सरांनाही हे सांगून ठेवा. पुढे कधी कुठल्याही कारणानं भूल द्यायची वेळ आली, तर भुलीच्या डॉक्टरांना मुलीला डाऊन सिंड्रोम आहे हे तुम्हीच आठवणीनं सांगा, म्हणजे ते मान जपून हाताळतील.

दवाखान्यात तपासणी कशी व्हायला हवी, तेही तुम्हाला माहीत असलेलं बरं. फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर तिला बसलेली, उभी, चालताना आणि शक्य असेल तर धावताना पाहतील. पायरीवर चढवतील, जमिनीवर बसवून उठायला लावतील. घोटा वरच्या बाजूला किती वळतो ते बघतील. इथं एक बारकावा आहे. गुडघा सरळ ठेवून, टाच मधोमध धरून मग पाऊल वर ढकलायचं असतं. टाच सोडून नुसता चवडा ढकलला तर सैल पाऊल मध्येच वाकतं, आणि पोटरीची शीर आखडलेली असूनही पाऊल भरपूर वर गेल्यासारखं दिसतं. आखडलेली पोटरी पाहायचीच, कारण ती टाचेला खाली ओढते आणि त्याची भरपाई कमान दाबून होते. अशी पावलं पुढे दुखतात.

काही ठिकाणी फूट पोश्चर इंडेक्स नावाची पद्धत वापरतात. उभ्या पावलाची सहा लक्षणं पाहायची, प्रत्येकाला उणे २ ते अधिक २ गुण, बेरीज जितकी अधिक तितकं पाऊल आत कललेलं. लहान मुलांची बेरीज मोठ्यांपेक्षा थोडी जास्त असणं स्वाभाविक आहे. या आकड्याचा उपयोग तुलनेसाठी होतो, आज किती आणि वर्षानं किती. नुसत्या एका आकड्यावर बूट ठरत नाही. काचेवरचा किंवा शाईचा ठसाही वाईट नाही, पण गुबगुबीत तळव्याचा ठसा आतली हाडं ठीक असली तरी सपाटच येतो. तुमच्या शिबिरात नेमकं हेच झालं असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

एक्सरे पहिल्याच भेटीत लागत नाही. पाऊल ताठ असेल, दुखत असेल, किंवा दोन पायांत फरक असेल तर काढतात, आणि तोही उभं राहून. झोपवून काढलेल्या एक्सरेत वजनाखाली पाऊल कसं बसतं ते कळत नाही.

आता पायात काय घालायचं. यात तुमच्या हातात पुष्कळ आहे. डाऊन सिंड्रोमच्या मुलांची पावलं लांबीला कमी आणि रुंदीला जास्त असतात. म्हणून आई-बाप रुंदीसाठी एक-दोन नंबर मोठा बूट घेतात, मग पुढे रिकामी जागा राहते, पाय आत सरकतो आणि मूल अडखळून पडतं. ती रस्त्यात बसण्याचं एक कारण हेसुद्धा असू शकतं. असं करा: संध्याकाळी, पाय दिवसभराचा थोडा फुगलेला असताना, तिला जाड पुठ्ठ्यावर उभी करा आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल उभी धरून आकार काढा. तो कापून आठवडी बाजारात सोबत न्या. बुटाच्या आत तो पुठ्ठा कडा न दुमडता सपाट बसला पाहिजे आणि पायाच्या अंगठ्यापुढे तुमच्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबून पाहा, ती चेपायला नको. तळ पुढे बोटांपाशी वाकावा, मधोमध घडी पडू नये. नाडीपेक्षा चिकटपट्टी बरी, तिला स्वतःला लावता येईल. पट्टी घोट्याच्या जवळ घट्ट बसावी. असा बूट साध्या दुकानातही मिळतो. सपकन निघणारी चप्पल शाळेच्या रस्त्यासाठी नको, ती पायात टिकवायला मूल बोटं आवळून चालतं आणि लवकर थकतं.

घरात आणि सारवलेल्या अंगणात तिला अनवाणी फिरू द्या. पावलाच्या छोट्या स्नायूंना काम मिळतं. पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा दुपारी अनवाणी नको. पाय भाजला तरी ही मुलं लगेच ओरडत नाहीत. वावरात जाताना तर बाभळीच्या काट्यांसाठीच बूट हवेत.

आतमध्ये घालायचा आधार, म्हणजे इनसोल किंवा घोट्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा पातळ साचा, यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूल चालतंय, पण टाच फार कलते, दुखतं, लवकर थकतं किंवा सारखं पडतं, तर आधार जरूर द्यावा. तो घातलेला असताना उभं राहणं आणि तोल सुधारतो, असं अभ्यासात दिसलं आहे. कमान त्यानं बनत नाही, चालणं सोपं होतं, आणि तेवढं पुरेसं आहे. लेकरू न दुखता, न थकता हिंडतंय, पडत नाही, तर नुसता तळवा सपाट म्हणून आधार देऊ नये. आणि जी मुलं अजून चालायलाच लागलेली नाहीत त्यांना असे साचे घाईनं घालू नयेत. एका अभ्यासात चालण्याआधीच साचे घातलेल्या बाळांची हालचालींतली प्रगती साचे न घातलेल्या बाळांपेक्षा कमी दिसली होती. हे तुमच्यासाठी नाही, पण हे सदर वाचणाऱ्या धाकट्या बाळांच्या आयांसाठी लिहिते. तुमची लेक अडीचव्या वर्षी चालली, ते तिच्या हिशेबानं वेळेवरच झालं. डाऊन सिंड्रोमची मुलं सरासरी दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही तर चार वर्षांनी.

आधार मिळाला तर पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज थोडं वाढवा. काढल्यावर कातडी पाहा. लाली अर्ध्या तासात गेली पाहिजे. गेली नाही, फोड आला, तर तो साचा परत नेऊन घासून घ्यायचा. "सवय होईल" म्हणून तसाच घालू नका.

व्यायाम म्हणजे तिच्यासाठी खेळच हवा, नाहीतर दोन दिवसांत बंद पडेल. खुंटीवरची वस्तू काढण्याचा खेळ रोज खेळा, त्यानं पोटऱ्या मजबूत होतात. जमिनीवर जुना रुमाल टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायला लावा. खाली उकिडवं बसून शेंगा टोपलीत टाकायच्या आणि उठायचं. घरासमोरची पायरी चढ-उतर, आधी हात धरून. संध्याकाळी वावरात गेलात तर हात धरून धुऱ्यावरून चालवा. उंच-सखल जमिनीवर तोल सांभाळताना जे काम घोटा करतो ते सपाट फरशीवर होत नाही. नदीकाठची ओली रेती त्याहूनही छान. यानं ठसा बदलेल असं वचन मी देत नाही. ताकद आणि तोल वाढेल, आणि शाळेचा रस्ता त्यावरच पार होतो. शाळेपर्यंतच्या वाटेत सुरुवातीला ठरवून थांबा. ती बसण्याआधी, एखाद्या पारापाशी, दोन घोट पाणी पाजायचं आणि निघायचं. मग तो थांबा दर आठवड्याला थोडा पुढे सरकवा.

तपासणीसाठी खिशातून पैसे घालायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीतच आहे. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. मुख्याध्यापकांना किंवा आशाताईंना पथक कधी येणार ते विचारा. तोवर थांबायचं नसेल तर ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपी तिथं एका छताखाली मिळण्याची सोय केलेली असते. पुढे पाठवायची वेळ आली तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्राम आहे, नागपूरचं मेडिकल आणि एम्स आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर याच फेरीत अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आहे आणि या मुलांना बहुधा त्याखाली प्रमाणपत्र मिळतं. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, ती जिल्ह्याच्या फेऱ्यांना कामी येईल. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजनाही विचारून घ्या. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही खर्च येतो. साचा किंवा इनसोल लिहून दिला तर तो सरकारी योजनेतून मिळतो का, हे रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारल्याशिवाय बाहेरून घेऊ नका.

जाताना तिचे रोजचे बूट पायात घालूनच न्या, नवे नको. जुन्या बुटाचा तळ कुठे झिजलाय, टाच कुठल्या बाजूला चेपलीय, ते पाहून बरंच कळतं. फोनमधले व्हिडिओ, हृदयाचे जुने कागद आणि थायरॉइडचा शेवटचा रिपोर्ट पिशवीत ठेवा. तपासणीत काहीच चिंतेचं निघालं नाही, तरी वर्षातून एकदा पावलं परत दाखवा, आणि बुटाचं माप तीन-चार महिन्यांनी पुठ्ठ्यावर नव्यानं घ्या.

दवाखान्यातून आल्यावर मला लिहा: चवड्यावर कमान दिसली का, बसते ती कुठल्या अंतरावर, आणि थायरॉइडचा रिपोर्ट काय आला.